पोलादपूर ते वेळास

पहाटे ४:१५, पोलादपूर

गजर व्हायच्या आधीच फोन थरथरला. वेळासहून, तिथल्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखणाऱ्या कासवमित्र दादांचा निरोप होता : "९ नंबर खचायला लागलाय. आज संध्याकाळी, नाहीतर उद्या सकाळी. पाहुण्यांना नक्की काही सांगू नका."

खचणं म्हणजे काय ते सांगते. अंडी फोडून बाहेर आलेली पिल्लं लगेच वर येत नाहीत. दीड फूट वाळूखाली, एकमेकांच्या अंगावर चढत, दोन-तीन दिवस वर सरकत राहतात. त्यांच्या हालचालीने वाळू खाली उतरते आणि वरून बघितलं की बशीएवढा उथळ खळगा दिसतो. हॅचरीतल्या ९ नंबरच्या घरट्याला आज पन्नासावा दिवस. ऑलिव्ह रिडलेची अंडी पंचेचाळीस ते साठ दिवसांत फुटतात, म्हणजे अगदी भरात आलेलं घरटं. उठून बसले. झोप गेलीच होती.

मार्चमधला शनिवार. वेळासला कासवं दाखवायला न्यायचे सोळा पाहुणे, एक मिनीबस, दोन घरांतली राहण्याची सोय, चौघांचं जेवण बिनलसणीचं, एकांना गुडघ्याचा त्रास म्हणून खालची खोली. ही यादी मी आठवडाभर वहीत लिहिते आहे. रात्री आई आणि अक्का मिळून विजेऱ्यांना लाल जिलेटिनचा कागद लावत बसल्या होत्या. एका विजेरीला दोन पदरी कागद, त्यावर रबरबँड, मग अंधाऱ्या भिंतीवर टाकून बघायचं. पांढरी कड दिसली की पुन्हा बांधायचं. कासवाला लाल उजेड फारसा जाणवत नाही. पांढऱ्या झोताने मात्र अंडी घालायला आलेली मादी तशीच मागे फिरते. आईला हे मी एकदाच सांगितलं होतं. तिने सोळाच्या सोळा विजेऱ्या स्वतः तपासल्या आणि तीन परत केल्या.

अक्का श्रीलंकेच्या. दक्षिण किनाऱ्यावर, कासवांच्या कामात त्यांचं आयुष्य गेलं आहे. सिंहली भाषेतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात हे कळल्यावर आईने त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलीच नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. काल रात्री नाचणीच्या भाकरीबरोबर आईने ओल्या खोबऱ्याची चटणी वाढली, तर अक्कांनी बोटाने चाखून "पोल सांबोल!" म्हटलं आणि आणखी मागून घेतली.

आमची ओळख गोव्यातली. एप्रिल २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी कासव संस्थेचं तिसावं वार्षिक संमेलन गोव्यात भरलं होतं. भारतात ते पहिल्यांदाच आलं होतं आणि बंगळुरूचे कार्तिक शंकर तेव्हा संस्थेचे अध्यक्ष होते. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, स्वयंसेवक म्हणून गेले. गळ्यात अडकवायची ओळखपत्रं अक्षरवार लावणं, पोस्टरच्या फळ्यांना पिना पुरवणं आणि भाषण चालू असताना पहिल्या रांगेत बसून "दोन मिनिटं राहिली" असा पुठ्ठा वर धरणं, ही माझी कामं. जगभर नाव असलेली माणसं माझ्या पुठ्ठ्याकडे बघून घाईघाईने शेवट करायची. अक्का चहाच्या रांगेत भेटल्या. "तू कुठली?" मी म्हटलं, रायगड जिल्हा, महाडजवळची. "तुमच्याकडे कासवं कुठल्या किनाऱ्यावर येतात?" मी म्हटलं, आमच्याकडे किनारा नाही, आम्ही डोंगरातले. त्या "अच्छा" म्हणाल्या आणि बोलणं दुसरीकडे वळलं.

ते उत्तर चुकीचं होतं. ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

५:३०

मिनीबस दाराशी. ड्रायव्हरला सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. आईने भाकऱ्यांचं गाठोडं अक्कांच्या हातात दिलं, माझ्या नाही. "बाहेरचं तेलकट खाऊ नका. आणि पिल्लं आली की फोन कर, कितीही वाजले तरी."

पुलापाशी मामांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं. उजाडत होतं. सावित्री मार्चमध्ये कशी असते? दगड जास्त, पाणी कमी. मधल्या धारेला मात्र आवाज होता. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांची नावं सांगतात : कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री. त्यांपैकी सावित्रीने कोकणाची वाट धरली. आंबेनळी घाटाच्या कुशीतून उतरते, पोलादपूर घेते, महाडला गांधारी आणि काळ तिला मिळतात, दासगावच्या पुढे तिची खाडी होते, आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामधून समुद्रात जाते. शंभर किलोमीटरच्या आसपास सगळा प्रवास. त्या मुखाच्या उत्तरेला हरिहरेश्वर, दक्षिणेला वेळास. दोन्हीकडे कासवं अंडी घालतात. २०१० साली चहाच्या रांगेत मला हे सांगता यायला हवं होतं.

अक्का कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत होत्या. "पावसाळ्यात?" मी हात वर करून पुलाची कड दाखवली. २२ जुलै २०२१ ची रात्र त्यांना मी सगळी सांगितली नाही. तळियेची दरड, आमच्या तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथल्या दरडी, महाडात घराघरांत शिरलेलं पाणी. एवढंच म्हटलं की त्या दिवसापासून इथे कोणी पावसाच्या आवाजाने निवांत झोपत नाही.

६:२०, महाड

एसटी स्टँडवर मुंबई-पुण्याचे पाहुणे उतरले. डोळे चुरचुरत असलेली, पाठीवर पिशव्या घेतलेली माणसं. सोळातले पंधरा आले, एकाची गाडी चुकली. हजेरी, चहा, कांदेपोहे. प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. त्यावर चारच ओळी आहेत : फ्लॅश नाही, दोरीच्या आत पाय नाही, पिल्लाला हात नाही, आणि पिल्लं दिसलीच पाहिजेत असा हट्ट नाही. चौथी ओळ मी मोठ्याने वाचून दाखवते.

तिथून चालत चवदार तळ्यावर. २० मार्च जवळ आलेला, त्यामुळे मांडवाचे बांबू पडले होते, पुस्तकांची दुकानं लागायला सुरुवात झाली होती. १९२७ साली बाबासाहेबांनी इथे ओंजळ भरून पाणी घेतलं. समुद्राकडे निघालेल्या पाहुण्यांना मी आधी तळ्यावर का आणते, असं काही जण विचारतात. या गावात पाणी कोणाचं, हा प्रश्न सगळ्यांत आधी इथे विचारला गेला, म्हणून. अक्कांना बाबासाहेबांचं नाव माहीत होतं. त्यांनी चपला काढल्या, पुतळ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मीही शेजारी उभी राहिले.

७:१०

नदीकाठी मगरी. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, मुंबईच्या माणसाला पटत नाही. लांबून दुर्बिणीतून दाखवल्या. गाळाच्या पट्टीवर दोन पडलेल्या, एकीचा जबडा उघडा. दहा मिनिटं. पुढे शाळा गाठायची होती.

७:४५, शाळेत

शनिवारची सकाळची शाळा. मी इथे विज्ञान शिकवते. आठवीचे दोन्ही वर्ग एकत्र बसवले होते, पाहुणे मागच्या बाकांवर आणि उरलेले भिंतीला टेकून. दाराजवळच्या भिंतीवर मुलांनी निळ्या रंगाने एक आडवी रेघ ओढली आहे, २०२१ च्या पाण्याची. माझ्या खांद्याच्या वर येते. अक्कांनी बोट लावून बघितलं आणि मुलांकडे वळून विचारलं, "तेव्हा तुम्ही कुठे होतात?" मी मराठी केलं. वर्ग एकदम बोलायला लागला. माळ्यावर. मामाकडे. शेजारच्यांच्या गच्चीवर, दोन दिवस. एका मुलाने सांगितलं, त्यांच्या दुकानातला सगळा माल वाहून गेला. कुठे गेला असेल, असं मी विचारलं. "समुद्रात," वर्ग म्हणाला.

मग मी कपाटातून ती पिशवी काढली. डिसेंबर २०२१ मध्ये वेळासच्या वाळूत, भरतीच्या रेषेवर मला सापडली होती. साधी प्लास्टिकची, कापडाच्या दुकानात देतात तशी. दुकानाचं नाव उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने पार पुसलेलं. खाली "महाड" तेवढं वाचता येतं, ह च्या शेजारचा काना अर्धा. तिच्या मुठीत अजून वाळू आहे, मी ती झाडलेली नाही. त्याच जागेपासून वीस पावलांवर त्या हंगामातलं एक घरटं होतं. पिल्लं रांगत पाण्याकडे जातात तेव्हा असली पिशवी त्यांना भिंतीसारखी असते, आणि समुद्रात तीच पिशवी मोठ्या कासवाला जेलीफिशसारखी दिसते. मुलांनी ती एकमेकांच्या हातात देत पूर्ण वर्गभर फिरवली. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही गांधारीच्या काठावरचा कचरा उचलतो तो का, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

प्रश्न सुरू झाले आणि खरं संमेलन इथे झालं असं मी म्हणेन.

"बाई, कासवीण अंडी घालताना रडते का?" अक्का हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, डोळ्यांजवळ ग्रंथी असतात, समुद्राचं जास्तीचं मीठ त्यातून बाहेर टाकलं जातं. पाण्यात असताना ते दिसत नाही, वाळूवर आल्यावर दिसतं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण आमच्या गावच्या आज्याही म्हणतात की ती रडते. मी त्यांच्याशी वाद घालत नाही."

"मुलगा की मुलगी ते कसं कळतं?" वाळूवरून. साधारण २९ अंशांच्या आसपास एक हद्द आहे. वाळू त्याहून तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर. एक मुलगी चटकन म्हणाली, "मग उन्हाळे वाढत गेले तर सगळ्या मुलीच होतील?" अक्कांनी माझ्याकडे बघितलं. हाच प्रश्न गोव्यात मोठमोठी माणसं आलेख लावून विचारत होती. आठवीच्या मुलीने एका वाक्यात विचारला. हॅचरीवर सावलीसाठी जाळी का घालतात, ते मग मी फळ्यावर काढून दाखवलं.

"रस्ता कसा सापडतो?" पृथ्वीचं चुंबकत्व कासवाला जाणवतं, ज्या भागात ते जन्मलं त्या भागाची खूण त्याच्यात राहते, असं अक्कांनी सांगितलं. इथे मी भिंतीवरचा भारताचा नकाशा उतरवला. जानेवारी २०२२ मध्ये वेळासलाच एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला. पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच होत होतं, म्हणून तिचं नाव प्रथमा. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांचं ते काम. पुढच्या वर्षी गुहागरहून दोघी सोडल्या, बागेश्री आणि गुहा. बागेश्री दक्षिणेला जात राहिली, कन्याकुमारी ओलांडली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. "तुमच्या घरावरून गेली का?" एका मुलाने अक्कांना विचारलं. "समोरून गेली असेल," त्या म्हणाल्या. "आम्ही रोज सकाळी नकाशा उघडून बघायचो आज कुठे आहे." आणि उलटीकडून आलेलीही एक आहे. ओडिशात गहिरमाथ्याला १८ मार्च २०२१ रोजी जिच्या वल्ह्यासारख्या पायाला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला होता, ती मादी २७ जानेवारी २०२५ ला गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, हा समज त्या एका बिल्ल्याने हलवला. मुलांनी तो आकडा वहीत लिहून घेतला. मी सांगितलं नव्हतं.

तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. मला उठवावं लागलं.

१०:००

निघालो. महामार्गाने माणगाव, तिथून मोर्बा, साई, म्हसळा. पाहुणे झोपले. म्हसळ्याच्या अलीकडे चिरगावच्या बाजूला आकाशात गिधाडं दिसली तेव्हा मी कोणालाच उठवलं नाही, फक्त अक्कांना खिडकीतून दाखवली. तिथल्या झाडांवरची घरटी राखण्याचं काम महाडच्याच सीस्केप संस्थेने वर्षानुवर्षं केलं आहे. डोंगरातलं गाव, पण बघा, कशाकशाला पुरतं.

मधे फोन चालूच. वेळासला आमचं जेवण करणाऱ्या काकूंना माणसं मोजून सांगितली, एक कमी. मोदक मात्र तेवढेच करा म्हटलं.

१:१५, बागमांडला

फेरीबोट. इथे तिला जंगलजेटी म्हणतात. मिनीबस, दोन टेम्पो, मोटारसायकली, माशांच्या टोपल्या घेऊन बायका. उजव्या हाताला समुद्र उघडा, समोर टेकडीवर बाणकोटचा किल्ला. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या मध्याला तो घेऊन त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. एके काळी गलबतं इथून खाडीने वर दासगाव-महाडपर्यंत जात. सगळे पुढच्या बाजूला फोटो काढत होते. अक्का डाव्या कठड्याशी उभ्या होत्या, वरच्या अंगाला तोंड करून. पाणी गढूळ हिरवट, रुंद, जवळजवळ स्थिर.

"ही तीच?"

"तीच."

सकाळी जिच्यात दगड मोजता येत होते ती. बोट दहा-पंधरा मिनिटांत वेसवीला लागली. तेवढा वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

२:३०, वेळास

नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्याची घरं. हे नाना फडणवीसांचं गाव. आता कासवांचं गाव म्हणून माणसं येतात. काकूंनी पानं मांडलेली होती : भात, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी, उकडीचे मोदक. या जेवणाचे पैसे काकूंच्या हातात जातात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी इथे आले असताना त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी खाल्ली जात होती, विकली जात होती. कोल्ह्या-कुत्र्यांचाही वाटा होता. त्यांनी गावाला दोष दिला नाही. गावातल्याच माणसांना बरोबर घेतलं, हॅचरी उभी केली, आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणा येतो, घरात राहतो, घर कासव सांभाळतं. पुढे वन विभाग आला, कांदळवन प्रतिष्ठान आलं, रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कितीतरी किनाऱ्यांवर कासवमित्र नेमले गेले.

अक्का काकूंना सांगत होत्या, मी मधे दुभाषी. त्यांच्याकडे रेकावा नावाचा किनारा आहे. तिथे १९९६ पासून, आधी जे अंडी काढायचे त्यांनाच रात्रीची राखण करायला बसवलं. काकू मोदकावर तूप सोडता सोडता म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारखंच की. ज्याला जागा माहीत त्यालाच राखता येते."

५:४०, किनाऱ्यावर

सुरूच्या बनातून वाळूवर उतरलो. आमचे पंधरा, शिवाय इतर दोनेकशे माणसं. हॅचरीभोवती हिरवी जाळी, आत रांगेने टोपल्या पालथ्या घातलेल्या, प्रत्येकीशेजारी छोटी पाटी : घरट्याचा नंबर, अंडी पुरल्याची तारीख, संख्या. समुद्रापर्यंत दोन बाजूंनी दोऱ्या. पिल्लं पाण्यात उचलून सोडत नाहीत, काही अंतर वाळूवरून चालू देतात.

सहा वाजता कासवमित्र दादांनी ९ नंबरची टोपली उचलली.

वाळू. खळगा सकाळपेक्षा खोल झालेला, बस्स.

गर्दीतून "अरे" असा आवाज आला. दुसऱ्या एका टोपलीखाली तीन पिल्लं होती, कालच्या घरट्यातली मागे राहिलेली. तीच दोऱ्यांच्या मधे ठेवली. मूठभरही नाहीत, काळपट राखाडी, ओल्या वाळूत वल्ही मारत निघाली. एक उलटं फिरलं, थांबलं, मान उचलून उजेडाचा अंदाज घेतला आणि वळलं. पहिली लाट आली तेव्हा दोघं गेली, तिसरं परत वर फेकलं गेलं. मग तेही गेलं.

एका गृहस्थांनी माझ्याकडे येऊन विचारलं की एवढ्या लांबून मुलांना आणलं ते तीन पिल्लांसाठी का. दादांनी थोडी वाळू उकरून ९ नंबरची काढून दाखवायला काय हरकत होती? ते चिडलेले नव्हते, खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. मी त्यांना घेऊन जाळीपाशी गेले, खळगा दाखवला. म्हटलं, खाली शंभराच्या घरात पिल्लं एकमेकांच्या आधाराने वर येताहेत. वरची वाळू गार झाली की त्यांना कळतं, आता निघायचं. पोटाला बलक लागलेला असतो तो अजून आत शोषला जायचा असतो. तोच पुढच्या काही दिवसांची शिदोरी. आपण घाई केली तर शिदोरी अर्धी राहते. त्यांच्या धाकट्या मुलीने विचारलं, "मग उद्या सहा वाजता?" उद्या सहा वाजता, म्हटलं. मुलीने ठरवून टाकलं. त्या कुटुंबाने रात्रीचा मुक्काम वाढवला.

गर्दीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. दोनशे माणसं या वाळूला जास्त होतात. पैसा गावात येतो म्हणून आकडा वाढवत नेणं मला पटत नाही. ज्या दिवशी पिल्लं नाहीत त्या दिवशीही जे थांबतात, तेवढेच पाहुणे मला हवे आहेत.

८:३०

जेवण, अनुभव सांगणं, झोपण्याच्या सतरंज्या. आईला फोन केला : अजून नाही. "बरं," ती म्हणाली, "अक्का जेवल्या का?"

१०:४५ ते २:३०

रात्रीची गस्त. दादा, अक्का आणि मी. पाहुण्यांना रात्री किनाऱ्यावर आणत नाही. चंद्र नव्हता. लाटांचा फेस तेवढा पांढरा दिसत होता. विजेरी बंद ठेवूनच चालायचं, डोळे सरावतात. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत कोल्ह्याची पावलं. वाळूत बसून आईच्या भाकऱ्या खाल्ल्या. अक्कांनी बरोबर आणलेला चहा दादांना दिला, त्यांनी तो न बोलता संपवला.

दीड वाजून गेल्यावर दादा एकदम थांबले. पाण्यापासून वर आलेला माग, छोट्या ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. शेजारी परतीचा दुसरा. मादी येऊन गेली होती, बहुधा अर्ध्या तासापूर्वी. वर सुरूच्या मुळाशी वाळू चोपून सपाट केलेली. रिडले अंडी घालून झाली की सगळं अंग उजवी-डावीकडे आपटून जागा दाबते, तसे धपके बाजूला उमटलेले होते. दादांनी बारीक काठी हलकेच टोचत नेली. चार ठिकाणी वाळू कडक लागली. पाचव्या ठिकाणी काठी मऊ गेली. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि हातांनी उकरायला लागले.

अंड्यांना हात लावायची परवानगी त्यांनाच आहे. मी वही धरली, अक्कांनी लाल विजेरी. कोपरापर्यंत हात आत गेल्यावर दादा थांबले, "आहेत." बादलीच्या तळाला त्याच खड्ड्यातली ओली वाळू. मग एकेक अंडं, ज्या बाजूने खाली होतं त्याच बाजूने, न फिरवता. आत गर्भ चिकटायला लागला की अंडं उलटलेलं चालत नाही, म्हणून शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितक्या सावकाश. टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, कवच चामड्यासारखं. काहींवर चिकट ओल लागलेली, तिच्यावर लाल उजेड चमकायचा. दादा मोजत होते, मी दहा-दहाची रेघ मारत होते, अक्का ओठांतल्या ओठांत सिंहलीत मोजत होत्या. शेवटी तिघांचाही आकडा जुळला : एकशे बारा. खड्ड्याची खोली टेपने पंचेचाळीस सेंटीमीटर. हॅचरीत तेवढाच खोल, तसाच सुरईच्या पोटासारखा खड्डा करायचा.

बादली दादांनी दोन्ही हातांत, छातीशी धरून नेली, हिसका बसू नये म्हणून. आम्ही मागून. परतीचे माग मी पायाने पुसत गेले, कोणाला जागा कळू नये म्हणून.

हॅचरीच्या दाराशी खोक्यावर नोंदवही असते. तारीख, वेळ, जागा, अंडी, खोली, आणि शेवटचा रकाना, शोधणाऱ्यांची नावं आणि गाव. दादांनी आपलं नाव लिहिलं, गाव वेळास. अक्कांनी सिंहली अक्षरांत लिहिलं आणि खाली मला देवनागरीत लिहायला सांगितलं. मग वही माझ्याकडे आली. मी लिहिलं, गाव पोलादपूर. अक्का विजेरी धरून वाचत होत्या.

"नदीचं नाव पण लिही," त्या म्हणाल्या.

रकान्यात जागा कमी होती. बारीक अक्षरांत लिहिलं.

नवीन पाटी रोवली. ९ नंबरची टोपली तशीच, खळगा आता हाताच्या वितीएवढा. आत कान लावून ऐकण्यासारखं काही नसतं, तरी दादा एकदा वाकलेच. तीन वाजायला आले होते. साडेपाचचा गजर लावला, आईला निरोप टाकला की जागी राहू नकोस, आणि वाळूनेच भरलेल्या पायांनी घराकडे निघालो.